बेचाळीस मामांचा भाचा

तिलक रहांगडालेला बेचाळीस मामा होते आणि त्यांतला एकही सख्खा नव्हता. त्याची आई रामकली आईबापाची एकटी पोर, पाठीवर भाऊ नाही की बहीण नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतली सगळी पोरं मामाकडे जायची, तेव्हा तिलक आमच्या शाळेच्या मैदानात एकटाच उंबराच्या बुंध्याला लाथा मारत असायचा. मी त्या शाळेचा खेळाचा मास्तर. त्याला कबड्डीत ओढला तो मीच. म्हणून पुढं जे झालं त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही, आणि नाकारणाऱ्यांची मला चीड येते.

मामांचं प्रकरण असं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिच्यासोबत कबड्डीची स्पर्धा लागते. लवकर येणारा हलका धान निघालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या वावरात, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्यानं रेषा आखायच्या, झालं मैदान. गोरेगाव तालुक्यातल्या या स्पर्धांचा नियम एकच, पण कडक: खेळाडू गावचा पाहिजे, नाहीतर गावचा जावई, नाहीतर गावचा भाचा. खोटा जावई करता येत नाही, त्याला बायको दाखवावी लागते. भाचा मात्र कोणालाही करता येतो. फॉर्मवर मामाचं नाव लिहायचं, मामानं सही ठोकायची, आणि खाली पंचानं लिहायचं, "पडताळून पाहिले". तो पंच बहुतेक वेळा मी असायचो. अकरा वर्षांत मी तिलकला बेचाळीस घरांचा भाचा केला. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

दुसरीकडच्या लोकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पोरगा दोन वर्षांचा असो की वीस, मामा वाकतो, त्याच्या पायाला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो. लग्नात, मरणात, घरभरणीत भाच्याचा मान पहिला. भाच्यावर हात उचलणारा माणूस आमच्याकडे कोणाच्या पंगतीत बसू शकत नाही. हे सगळं खऱ्या भाच्यासाठी. फॉर्मवरच्या भाच्याला बिर्याणी मिळायची, मोटरसायकलवरून ने-आण मिळायची, आणि स्पर्धा संपली की मामा ओळखसुद्धा द्यायचे नाहीत.

तिलकचं काम एकच होतं, पाय धरायचा. उजव्या कोपऱ्यात तो असा बसायचा की झोप लागली असं वाटावं. चढाई करणारा आत आला, एक पाऊल जास्त टाकलं, की तिलक जमिनीलगत यायचा आणि घोटा दोन्ही हातांत धरायचा. मग तो सुटत नसे. बालाघाटकडच्या एका गड्यानं त्याच्या दंडाचा लचका तोडला, तरी सुटला नाही. राजनांदगावकडे पब्लिकनं दगड मारले, कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी आंधळ्यासारखा तो पाय धरून बसला होता. त्याचे वरचे तीन दात कोणाच्या तरी टाचेसोबत गेले. उजवी करंगळी दोनदा तुटून वाकडीच बसली. त्यानंही कमी तोडलं नाही. चार घोटे, दोन खांदे, एक जबडा, एवढे तर माझ्याच शिट्टीवर मोडले. ज्याचं मोडलं त्याला भेटायला दुसऱ्या दिवशी तो बिस्किटाचा पुडा घेऊन जायचा, स्वतःची वाकडी करंगळी दाखवायचा आणि म्हणायचा, "चलते गा, होते दुरुस्त." काही जण हसायचे. काहींच्या आया पुडा तोंडावर फेकून मारायच्या.

याला खेळ म्हणतात. आता टीव्हीवर गादीवर, रंगीत दिव्यांत दाखवतात तोही हाच. त्या मोठ्या लीगच्या चाचणीला तिलक नागपूरला गेला होता. जन्मभर अनवाणी खेळलेला माणूस, तिथं त्याला बूट घालायला लावले. गादीवर पाय घसरला, एका विशीच्या पोरानं त्याला खेळण्यासारखं ओलांडलं. "पकड चांगली आहे, वय गेलं," एवढं ऐकून तो परतीच्या गाडीत बसला. त्यानंतर त्याच्याजवळ फक्त आमच्या बांध्या उरल्या आणि बेचाळीस मामा.

बेचाळिसांत एक मात्र वेगळा निघाला. खैरटोल्याचा मनीराम बिसेन. या माणसाला सख्खी, चुलत, कसलीच बहीण नव्हती. ज्याला बहीण नाही त्याला भाचा नाही, आणि ज्या घराला भाचा नाही त्या घरचं दान घेणारं कोणी नाही. मनीरामला ते आयुष्यभर टोचत होतं. मी फॉर्म पुढं केला तेव्हा त्यानं सही केली, पेन खिशाला लावलं, आणि भर मैदानात वाकून तिलकच्या पायाला हात लावला. लोक खदाखदा हसले. मनीराम हसला नाही. तिलकही हसला नाही. एकवीस वर्षांच्या त्या धटिंगणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आणि शिट्टी पुसण्याचं सोंग करत तोंड फिरवलं.

तेव्हापासून दर दिवाळीला खैरटोल्याहून फोन यायचा. मनीरामची बायको देवकाबाई त्याला जेवायला वाढायची, नवा शर्टपीस द्यायची. साठीचा मनीराम त्याला "तुम्ही" म्हणायचा, "बसा जी, भाचे" म्हणायचा. त्यांचा पोरगा भुपेंद्र तेव्हा दहा वर्षांचा होता. तिलकनं त्याला अंगणात चढाई शिकवली. पाऊल किती टाकायचं, कंबर कुठं वळवायची, कोपऱ्यातला माणूस झोपल्यासारखा दिसला की कसा पळ काढायचा, सगळं. म्हणजे स्वतःच्या हातातून कसं निसटायचं हे त्यानंच त्याला शिकवलं.

भुपेंद्र अठरा वर्षांचा झाला आणि खैरटोल्याचा हुकमी चढाईपटू झाला. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. मनीराम पोरांपुढं गप्प बसला. तिलकला बेलघाटवाल्यांनी उचललं, फॉर्मवर तिथल्या कोणा दुकानदाराचा भाचा केला, आणि मी सही केली. अंतिम सामना लागला बेलघाट विरुद्ध खैरटोला.

सामन्याआधी मनीराम बेलघाटच्या मांडवाजवळ आला. मी तिथंच होतो. त्यानं आधी तिलकच्या पायाला हात लावला.

"भाचे जी, भुपेंद्राले सांभाळून घ्या," तो म्हणाला. "एकच पोरगा आहे."

"मामा, दिवाळीले मी तुमचा भाचा आहो," तिलक म्हणाला. "पण मैदानात ज्याच्या नावानं उतरलो त्याचा."

"मले माहीत आहे. म्हणून त सांगून राहिलो."

तिलकनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर मी दहा वर्षं डोकं फोडलं.

शेवटची चढाई. दोन्ही बाजूंचे गुण सारखे. ऊन कलतीला लागलेलं, बांधावर माणसं दाटीवाटीनं उभी. भुपेंद्र आत आला, डाव्या बाजूला झुकला, आणि उजव्या कोपऱ्यात जिथं जायचं नाही तिथं गेला. गुरूलाच मारायचं होतं पोराला. तिलकच्या खांद्याला हात लावला आणि वळला. तिलक जमिनीलगत आला आणि घोटा धरला. भुपेंद्र पोटावर पडला तरी सरपटत निघाला, तिलकला मागं ओढत. मध्यरेषा चार बोटं उरली. बेलघाटचे तिघे त्याच्या पाठीवर, मांडीवर येऊन पडले. पाय तिलकच्या हातात सरळ आणि अंग आडवं, असा तो पिळला गेला.

गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. ओला बांबू फोडल्यासारखा. पण भुपेंद्र "कबड्डी, कबड्डी" म्हणतच होता. त्याचं तोंड मातीत होतं, डोळे पांढरे झाले होते, आणि प्रत्येक "कबड्डी" किंकाळीसारखी निघत होती, पण निघत होती. दम तुटेपर्यंत चढाई संपत नाही, हा नियम. मी नियमाला धरून उभा राहिलो. बोटं रेषेला लागतात की नाही ते पाहत राहिलो. शिट्टी माझ्या दातांत होती. शेवटी पोराचा आवाज बंद झाला तेव्हा मी ती वाजवली. तोवर पाय गुडघ्यातून बाहेरच्या बाजूला वळला होता. गुण मी बेलघाटला दिला.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. खैरटोल्याचे लोक मैदानात घुसले. बेलघाटचे खेळाडू बांधावरून उड्या मारून पळाले आणि तिलकचा फॉर्मवरचा मामा मोटरसायकल घेऊन त्यांच्याही आधी पळाला. तिलक पळाला नाही. तो भुपेंद्रजवळ गुडघे टेकून त्याच्या पायाखाली स्वतःचा टी-शर्ट सरकवत होता. पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली, दुसरी कानावर. चुन्याचं घमेलं त्याच्या डोक्यात घातलं. पांढऱ्या चुन्यावरून रक्त वाहायला लागलं. मी मधे पडलो तर मला कोणीतरी गचांडी धरून बांधाखाली फेकलं. माझा चष्मा फुटला. एका पोरानं खांब उपटून आणला होता, तो तिलकच्या पाठीवर तीनदा बसला. तिलकनं एकदाही हात वर केला नाही, आणि त्याच्या हाताची ताकद मला ठाऊक होती.

तेवढ्यात मनीराम आला. त्यानं स्वतःच्या बंडीची उभारी उपसून आणली होती. बैलबंडीच्या कडेला जो जाडजूड दांडा उभा असतो, तो. लोक बाजूला झाले. कोणीतरी ओरडलं, "मनीराम, भाचा आहे तुहा!"

मनीरामनं उभारी खाली ठेवली. तो वाकला, तिलकच्या दोन्ही पायांना हात लावले, ते कपाळाला लावले. सुटलो, असं मला वाटलं. तिलकलाही वाटलं असावं, कारण रक्तानं भरलेल्या तोंडानं तो हसायला लागला होता.

"पाया पडून घेतलो," मनीराम म्हणाला. "आता तू माझा कोनी नाही."

त्यानं उभारी उचलली आणि ज्या पायाला हात लावला होता त्याच्याच गुडघ्यावर दोनदा घातली. पहिल्या घावाला तिलक ओरडला, "मामा!" दुसऱ्याला आवाजच निघाला नाही.

दोघांना एकाच जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. दवाखान्यात पोलीस आले. तिलक म्हणाला, "खेळता खेळता पडलो." भुपेंद्रही तेच म्हणाला. मला विचारलं तर मी म्हणालो, माझा चष्मा फुटला होता. रामकलीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या थोबाडीत मारली. "मास्तर, तुह्या शिट्टीत का माती भरली होती?" तिनं विचारलं. मी पंचगिरी सोडली आणि शिट्टी विहिरीत टाकली.

मी तिलकला एकदाच विचारलं, तक्रार काऊन नाही केली?

"तक्रारीत लिहावं लागते, मारणारा कोन," तो म्हणाला. "मी का लिहू? मामा लिहू का मामा नाही लिहू?"

पाय वाकायचा बंद झाला. एका राईस मिलच्या गेटवर त्याला काम मिळालं, गोंदियाजवळ कुडव्याला, माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे खोली. पाय गेला, पण हात राहिले होते, आणि ते हात आता कशालाच धरत नव्हते, नुसते मारत होते. "ए लंगड़े, गेट खोल" म्हणणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला त्यानं केबिनमधून खाली ओढून त्याचा जबडा मोडला. ती मिल सुटली. दुसऱ्या मिलमध्ये एका हमालाचं डोकं पोत्यांच्या थप्पीवर आपटलं. तीही सुटली. तिसऱ्या मिलवाल्याला असाच माणूस पाहिजे होता. दर दिवाळीला मात्र तो तीन दिवस कोणाशी भांडत नसे. खोलीत फोन समोर ठेवून बसायचा. वाजला की स्क्रीनकडे बघायचा आणि तसाच वाजू द्यायचा, कारण ज्याचा हवा त्याचा तो नसायचा. दहा दिवाळ्या मी हे पाहिलं. ज्यानं पाय मोडला त्याच्या फोनची वाट पाहणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल. मी त्याला तोंडावर तसं म्हणालोही. त्यानं मला मारलं नाही, एवढंच.

मागच्या माघात एका सकाळी भुपेंद्र माझ्या दारात उभा राहिला. आता तो गोरेगावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. गुडघा त्याचाही वाकत नाही, स्कूटीला दोन जास्तीची चाकं लावली आहेत.

"बाबा गेले, सर," तो म्हणाला. "उद्या तेरवी आहे. पाय धुवायला, दान द्यायला भाचा पाहिजे. माय म्हणते, तिलकदादाले घेऊन ये. मी एकटा जाऊ शकत नाही. तुम्ही चला."

आम्ही मिलच्या गेटवर गेलो. तिलकनं भुपेंद्रला पाहिलं, खुर्चीवरून उठला, आणि काही विचारायच्या आत त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की पोरगा स्कूटीसकट कोंड्याच्या ढिगात पडला. मग त्यानंच त्याला कॉलर धरून उभं केलं.

"कवा गेले मामा?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस! आन आज सांगून राहिलास?" आणि आणखी एक ठेवून दिली. मग तो गेटला डोकं टेकून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी खैरटोल्याच्या अंगणात पाट मांडला होता. शेजारी पितळी परात, तांब्या, नवं धोतर, छत्री, चपला, भाच्याला द्यायचं सगळं दान ओळीनं ठेवलेलं. गाव जमलं होतं. दहा वर्षांपूर्वी लाथा घालणारे त्यात होते, आणि ते जमिनीकडे बघत होते. पाटावर बसणं तिलकला जमत नव्हतं, म्हणून तो पाटाजवळ उभा राहिला.

देवकाबाई घरातून आली. तिच्या हातात उभारी होती. तीच. लाकडात काळा डाग मुरलेला.

"ही त्यायनं बंडीले परत लावू नाही देल्ली," ती म्हणाली. "बंडी दहा वर्षं तीन उभाऱ्यांवर चालली. मरताना म्हणाले, हे बी दानात ठेव. भाचा आला त त्याच्या हातात दे. त्याले मारा लागलं त मारू दे."

भुपेंद्र पुढं झाला. त्यानं पँट वर केली आणि चांगला पाय समोर ठेवला.

"मार, दादा," तो म्हणाला. "बाबाचं राहिलेलं माझ्यावर."

तिलकनं उभारी घेतली. हातात तोलली. त्याच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या आणि चेहरा तसा झाला जसा कोपऱ्यात बसताना व्हायचा, झोपलेला. मला तो चेहरा माहीत आहे. त्यानं उभारी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. बायकांनी डोळे झाकले. भुपेंद्रनं पाय मागं घेतला नाही.

"बस!" मी ओरडलो. कसा ओरडलो मला कळलं नाही. माझा आवाज शेजारच्या टोल्यापर्यंत गेला असेल. "बस कर तिलक! संपलं!"

उभारी वरच थांबली. मग त्यानं हळूच माझ्याकडे मान वळवली.

"सर," तो म्हणाला, "आज टायमावर वाजवली."

मी तिथंच अंगणातल्या एका दगडावर बसलो आणि म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा रडलो.

तिलकनं उभारी खाली आणली आणि अंगणात टेकवली. "धू पाय," तो भुपेंद्रला म्हणाला. भुपेंद्रला वाकता येईना. एक पाय सरळ ताठ, दुसरा थरथरणारा. तिलकनं उभारी त्याच्यापुढं धरली. तिला धरून, हात खाली खाली सरकवत, तो जमिनीवर बसला, आणि त्यानं बापानं मोडलेला तो पाय परातीत घेऊन धुतला. पाणी गुडघ्यापर्यंत नेलं, तिथं हात थांबला, मग तिथंही धुतलं. देवकाबाईनं पदरानं पुसलं आणि कपाळ टेकवलं.

छत्री, धोतर, चपला तिलकनं तिथंच गावच्या एका गरीब म्हाताऱ्याला दिल्या. उभारी मात्र स्वतःजवळ ठेवली. परत येताना मी त्याला विचारलं, "बाकीच्या एक्केचाळीस मामांचं काय रे?"

"ते तुमच्या फॉर्मवरचे होते," तो म्हणाला. "त्यायले तुम्हीच पाहा."

दुसऱ्या दिवशी मी मिलच्या गेटवरून जात होतो. तिलक उभारीवर भार देऊन उभा होता. एका नव्या हमालानं पोतं खाली ठेवलं, त्या जाडजूड दांड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये डंडा कहाँ का है?"

"मामाच्या घरचा," तिलक म्हणाला, आणि गेट उघडायला गेला.